उम्म राशिदचं घर

गल्लीच्या टोकाला घर नव्हतंच कधी, तिथे पिठाच्या गिरणीची भिंत होती, असं शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी सांगितलं. वजीह पुढे काही विचारणार, तोच कुराण म्हणणाऱ्याने घसा साफ करून पुढचा भाग सुरू केला. आता सगळ्यांनी गप्प बसायचं. मशिदीच्या बाजूचं दालन, भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर माना खाली घालून बसलेले म्हातारे, आणि मधल्या रिकाम्या जागेत कडू कॉफीची किटली घेऊन फिरणारा एक दमलेला माणूस. गेलेले गृहस्थ भूगोलाचे मास्तर होते, आणि वजीहची त्यांच्याशी ओळख जेमतेमच होती. पण हल्ली तो कुणाच्याही दुखवट्याला जाऊन बसायचा, कारण या वयात दमास्कसमधली माणसं भेटायला दुसरी जागा उरली नव्हती. शेजारच्या गृहस्थांनी मघाशी आपली ओळख करून दिली होती: अबू जौदत, रेल्वेतून निवृत्त, जन्म कनवात मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांच्या गल्लीतला. त्यावर केवळ सौजन्य म्हणून वजीह म्हणाला होता की मग तुम्ही उम्म राशिदला पाहिलं असेल. राशिदची आई, हमामातल्या भट्टीवाल्याची विधवा, गल्लीच्या टोकाला कारंज्यापाशी घर. वजीहच्या बोलीकोशातलं हे नाव निघालं की कनवातची माणसं खूश व्हायची, आमच्याकडची बाई तुमच्या कोशात गेली म्हणायची. पण ती सगळी दुसऱ्या गल्ल्यांतली होती, हे वजीहच्या आत्ता ध्यानात येत होतं. कॉफीवाल्याने त्याचा पेला भरला, तो प्याला, पुन्हा भरला, तो पुन्हा प्याला. पुरे झाली की पेला जरासा हलवून परत द्यायचा, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. भाषेवर कपाटभर ग्रंथ लिहिलेल्या माणसाला ते त्या वेळी आठवलं नाही.

म्हणणारा थांबल्यावर पुन्हा कुजबुज सुरू झाली. अबू जौदत विसरले नव्हते. त्यांनी समोरच्या रांगेतल्या एका वाकलेल्या म्हाताऱ्याला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "हाज बक्री, आपल्या गल्लीत उम्म राशिद कोण होती?" हाज बक्रींनी डोळे मिटले, गल्लीतली घरं मनातल्या मनात एका टोकापासून चाचपली आणि हलक्या आवाजात सांगितलं की आपल्या गल्लीत राशिद नावाचं गाढवसुद्धा नव्हतं. दुखवट्याला हसू नये म्हणून दोघांनी रुमाल तोंडाशी नेले. मग अबू जौदतनी वजीहच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "उस्ताज, तुम्हाला कुणीतरी मस्त बनवलंय."

घरी जाताना मुहाजिरीनची चढण चढणाऱ्या छोट्या बसमध्ये त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. कॉफीने छातीत धडधडत होतं. त्याला राग आला नव्हता. राग यायला अंगात थोडी ताकद लागते. फक्त एक मोठा कंटाळा वर आला, घर बदलताना सामानाकडे पाहून येतो तसला. तरुणपणी त्याने ठरवलं होतं की या शहरातल्या बायकांच्या बोलीचा कोश करायचा. पुरुषांचं बोलणं बाजारात, कचेरीत, हुक्क्याच्या दुकानात सगळीकडे सांडलेलं असतं, ते कुणीही गोळा करील. बायकांचं बोलणं घरात. त्या काळी प्रत्येक घरंदाज बाईचा महिन्यातला एक ठरलेला दिवस असायचा. त्या दिवशी तिच्याकडे बाकीच्या बायका जमायच्या, खायच्या, गायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या, आणि ती दुपार सरेपर्यंत घरात पुरुषाने पाऊल ठेवायचं नाही, घरमालकानेसुद्धा नाही. म्हणजे ज्या बोलीचा कोश करायचा ती कोशकाराने कधी ऐकायचीच नाही. मग वजीहने आपली धाकटी बहीण पाठवली. दुर्रिया नुकती शाळा संपवून घरी बसली होती. कान तिखट, नक्कल तर अशी करायची की आई पोट धरून हसायची. ती दुपारभर त्या बायकांत बसून यायची आणि वजीह दारातच कार्डं आणि पेन्सिल घेऊन उभा असायचा. शब्द शिळे होतात, दुसऱ्या बोलण्यात मिसळून जातात, म्हणून तिने कोटही न काढता आधी ते सांगून मोकळं व्हायचं. "आधी शब्द, मग पाणी," असं तो म्हणायचा. कोशाच्या प्रस्तावनेत त्याने ही आठवण गंमत म्हणून लिहिली होती आणि लोकांना ती फार आवडली होती.

बस कोपऱ्यावर थांबली, चार माणसं उतरली, चार चढली. होम्सचा तो दंतवैद्य त्याला आठवला. त्याची आई दोनदा दुर्रियाला पाहून गेली होती, तिने आणलेलं मिठाईचं ताट अजून स्वयंपाकघरात आहे. वजीहने सांगितलं होतं की मुलगी चांगली आहे, ना नाही, पण कोशातलं ऐन हे अक्षर संपेपर्यंत थांबा. ऐन फार मोठं अक्षर आहे. दंतवैद्य थांबला नाही. त्याबद्दल घरात कुणी कधी काही बोललं नाही. पुढे वजीहचं लग्न झालं, बायको लवकर वारली, मुलगा दुर्रियाने वाढवला, तो आता माँट्रिअलहून ईदला फोन करतो आणि आधी आत्याला बोलवायला सांगतो.

मग ते ठरलेले दिवस संपले. टीव्ही आला, मोठी घरं मोडून लोक फ्लॅटमध्ये गेले, एकेका बाईने आपला दिवस बंद केला. वजीहला वाटलं होतं की आता कोशही आटोपला, आणि नेमकं तेव्हा दुर्रिया एका मंगळवारी दमून घरी आली आणि म्हणाली की एक बाई भेटली आहे. गरीब विधवा, सहा मुलगे, लिहिणं वाचणं नाही, पण तोंडात काय एकेक शब्द. पुरुषासमोर येणार नाही. टेपरेकॉर्डर चालणार नाही, कारण बाईचा आवाजही झाकलेला बरा असं तिचं म्हणणं. वजीहने मान डोलावली. त्याला तसल्या बायका माहीत होत्या, त्याची आजी तसलीच होती. एखाद्या फ्रेंच विद्वानाने हट्ट धरला असता, भेटल्याशिवाय लिहिणार नाही म्हणाला असता. वजीह सभ्य घरातला होता. परक्या बाईला भेटायचा हट्ट धरणं त्याच्या मनातही आलं नाही.

उम्म राशिदच्या शब्दांनीच कोशाचं नाव झालं. एकाच माणसासाठी तीनदा गरम केलेल्या चहाला तिच्याकडे शब्द होता. घरात कुणी वाचत बसलेलं असताना बाईने चालायची जी चाल, तिला शब्द होता. दारावर थाप पडली, आपल्यासाठी कुणी आलेलं नसणार हे माहीत असूनही आपणच उठायचं, त्या उठण्याला शब्द होता. भावाच्या घरात राहणारी, लेक नाही, बायको नाही, पाहुणीही नाही, अशा बाईला एक छोटासा, तोंडात घोळवावा असा शब्द होता. त्या एका शब्दावर वजीहने मोठा निबंध लिहून त्याचं मूळ अरामीत दाखवलं होतं. लायडनच्या एका पंडिताने तो अक्कदी ठरवला. दोघांचं काही वर्षं नियतकालिकांतून भांडण चाललं, दोघांनाही त्याबद्दल मान मिळाला. ती बाई वारल्याचं दुर्रियाने सांगितलं तेव्हा वजीहने वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिला. तो रेडिओवर वाचला गेला. बायकांनी तो लेख कापून ठेवल्याचं लोक सांगायचे.

तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला धरून थांबला, आणि तिथे दम खाताना त्याला एक साधी गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत त्याला सुचली नव्हती, लायडनच्या पंडितालाही नाही. भट्टीवाल्याच्या बायकोच्या घरात वाचत बसणारा माणूस कोण होता? सहा मुलगे असलेल्या विधवेला भावाच्या घरातल्या बाईसाठी शब्द कशाला लागेल? त्याने धातू पाहिले, प्रत्यय पाहिले, जुन्या शिलालेखांपर्यंत गेला. शब्द कुणाच्या घरातला आहे हे मात्र पाहिलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ, लहानपणी वाटायची तशी. वरून अक्रोड आणि लाल मिरचीचा वास येत होता. तेलातली वांगी भरायचे दिवस होते.

दुर्रिया स्वयंपाकघरात स्टुलावर बसून उकडलेली छोटी वांगी चिरत होती, त्यांत सारण दाबून भरत होती आणि बरणीत उभी रचत होती. तिने वर न पाहता विचारलं की गर्दी होती का. त्याने होती म्हणून सांगितलं. मग तो कधी नव्हे ते आत येऊन दुसऱ्या स्टुलावर बसला. तिने पाहिलं आणि बरणी जराशी बाजूला सरकवली.

"रंगाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला गिरणीची भिंत होती म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"तिथलाच एक जण. अबू जौदत."

तिने हातातलं वांगं पुरं भरलं, अंगठ्याने तोंड दाबलं. "बरोबर आहे त्याचं. मी ती गल्ली कधी पाहिली नाही. नाव आवडलं होतं."

वजीहने विचारलं की मग ती मंगळवारी जायची कुठे. सिब्कीच्या बागेत, ती म्हणाली, आणि हे इतकं सहज म्हणाली की जणू त्याने मिठाचा डबा कुठे आहे ते विचारलं होतं. बाकावर बसायची. उन्हाळ्यात आइस्क्रीम. थंडीत कधी सिनेमा, बायकांच्या बाजूला, एकटीने. एकदा एक चित्रपट लागोपाठ तीन मंगळवार पाहिला. सगळ्या बायकांचे दिवस बंद झाल्यावर तिला जायला जागाच नव्हती, आणि जायचं तर काहीतरी आणायला हवं होतं. शब्द आणल्याशिवाय या घरात पाणी मिळत नव्हतं. हे ती हसून म्हणाली की नाही, ते त्याला कळलं नाही, कारण ती बरणीत वाकून पाहत होती.

"आणि शब्द कधी जुळवायचीस?"

"परत येताना. चढणीवर. तेवढ्यात एखादा होऊन जायचा. कधी दोन व्हायचे. मग एक पुढच्या मंगळवारला ठेवायची." बरणी हलवून वांगी नीट बसवत ती म्हणाली, "पुढे गुडघे गेले, खय्यो. दर मंगळवारी उतरायचं, चढायचं होईना. मग मारावंच लागलं तिला."

खय्यो म्हणजे भाऊ. ती त्याला लहानपणापासून असंच म्हणायची आणि आज पहिल्यांदा तो शब्द त्याला ऐकू आल्यासारखा वाटला. त्याने सांगितलं की आपण मृत्युलेख लिहिला होता. चांगला लिहिला होतास, ती म्हणाली, मी रडले होते. खाली रस्त्यावर गॅसच्या टाक्या विकणारा टाकीवर पाना वाजवत गेला.

वजीहला वाटलं, आता निदान एक चांगली गोष्ट करता येईल. नवी आवृत्ती छापखान्यात होती, शेवटची तपासलेली पानं उद्या द्यायची होती. तो म्हणाला की सगळीकडे उम्म राशिद खोडून दुर्रियाचं नाव घालू. प्रस्तावनेत सगळं लिहू. मुखपृष्ठावरसुद्धा नाव घालू. बोलता बोलता त्याला स्वतःचा मोठेपणा आवडायला लागला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं.

"नको," दुर्रिया म्हणाली.

"का नको? तुझे शब्द आहेत."

"उम्म राशिद म्हणाली की लोक म्हणतात, वा, काय बाई होती. माझं नाव आलं की खालची उम्म नबील जिन्यात थांबवून विचारील, दुर्रिया खानम, तुमच्या भावाने इतकं छळलं का हो? आणि तू छळलं नाहीस. तू फक्त वाचत होतास."

मग काढूनच टाकतो सगळे, तो म्हणाला, आणि हे रागाने नाही, थकून म्हणाला. कोशात कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच येतं. बसून रचलेलं येत नाही, आपण आयुष्यभर हेच सांगत आलो.

दुर्रियाचे हात थांबले. तिने सुरी ताटात ठेवली. "कोश तुझा आहे, काढ. पण गेल्या आठवड्यात उम्म नबीलची सून जिन्यात नवऱ्यावर चिडली होती, तेव्हा त्यातला एक शब्द तिच्या तोंडून मी ऐकला. तिला कुठे माहीत आहे तो कुणाचा. मी वर आले आणि दार लावून उभी राहिले." मग ती हलकेच म्हणाली, "ते काढलेस तर या घरात मी वांगीच भरली, असं होईल." आणि तिने पुढचं वांगं उचललं.

त्या संध्याकाळी तो खोलीत तपासणीचे कागद पुढे घेऊन बसला आणि त्याने काहीच केलं नाही. मधूनमधून त्याला दुर्रियाची पावलं ऐकू येत होती, म्हणजे खरं तर येत नव्हती. ती कशी चालते हे त्याने तिच्याच शब्दाखाली इतकं बारीक वर्णन करून लिहिलं होतं की आता त्याला ती न ऐकता दिसत होती. नवार त्याच्या डोक्यातून जाईना. नवार म्हणजे त्याचा प्रकाशक, पण त्याआधी त्याचा विद्यार्थी. त्याने हौरानच्या मेंढपाळांच्या बोलीवर प्रबंध लिहिला होता आणि त्यात एका मेंढपाळाची आई निव्वळ कल्पनेतून उभी केली होती. वजीहने ते पकडलं. भर तोंडी परीक्षेत, नवारच्या वडिलांच्या समोर, त्याने विचारलं होतं की ज्याने एक तोंड खोटं उभं केलं, त्याच्या बाकीच्या तोंडांवर कोणी का विश्वास ठेवावा. प्रबंध परत गेला. नवार काकाच्या छापखान्यात शिरला, पोट सुटेपर्यंत तिथेच राहिला आणि आता वजीहचीच पुस्तकं छापतो, भेटला की खांद्याचं चुंबन घेतो, जुन्या गोष्टीवर स्वतःच विनोद करतो. त्याच्या मनात काय आहे हे वजीहला कधीच कळलं नव्हतं. आता ते शब्द ठेवायचे तर या नवारच्या हातात एक खोटं सहीनिशी द्यायचं. काढायचे तर लोक कारण विचारणार, नाव घालायचं तर तिची अब्रू जाणार. तिन्ही बाजूंनी आयुष्यच चुकलं होतं आणि आता त्यातली कमी चूक निवडायची होती. त्याला झोप हवी होती, एवढंच खरं. तो दिवा न लावता बसून राहिला. दुर्रिया चहा ठेवून गेली, तो थंड झाला, ती येऊन घेऊन गेली आणि गरम करून परत ठेवला. या वेळी त्याने तो लगेच प्याला, जीभ भाजली तरी.

सकाळी नवारचा फोन आला. तब्येत, हवा, मुलाची खुशाली, सगळं रीतसर झालं. मग तो म्हणाला की तपासलेली पानं तयार असतील तर माणूस दुपारी येऊन नेईल. फक्त एक राहिलं आहे. या आवृत्तीत मागे शब्द सांगणाऱ्या सगळ्या बायकांची थोडथोडी माहिती घातली आहे, जन्म, घर, माणसं. उम्म राशिदचीच तेवढी नाही. "तुम्हीच शिकवलं होतंत, उस्ताज, तोंडामागे माणूस दिसला पाहिजे म्हणून."

तो हे साधेपणाने म्हणाला, का त्याला काही माहीत होतं, हे वजीहने ठरवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एका वाक्यात सगळं संपवता आलं असतं. काढून टाक म्हटलं की झालं. त्याने फोनवर तळहात दाबून धरला. दुर्रिया तेलकट हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तिने ऐकलं होतं. ती काही मागत नव्हती, फक्त तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि इतक्या म्हातारपणी आपण अजून हिला घाबरवू शकतो याचं वजीहला फार वाईट वाटलं.

"उम्म राशिदचा जन्म कुठला?" त्याने तिला विचारलं.

ती आत आली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली, पूर्वी विद्यार्थी बसायचे त्याच खुर्चीवर. "कनवातच," ती म्हणाली. वजीहने फोनवरचा हात काढला आणि नवारला ते सांगितलं. नवरा? हमामाच्या भट्टीवर, लवकर गेला, पण स्वभावाने गरीब होता, कधी आवाज चढवला नाही. मुलगे सहा, सगळे आपापल्या संसारात. शिक्षण नाही. दुर्रियाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता, ती आता न विचारताही सांगत होती, की तिला सिनेमाचा नाद होता, की लताकियाला जाऊन समुद्र पाहून आली होती, एकटी, आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. हसायची खूप. आवाज मोठा होता, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. वजीह एकेक वाक्य पुढे सांगत होता आणि नवार तिकडे मुकाट्याने लिहून घेत होता. एकदा नवारने मध्येच थांबून विचारलं की भावंडं किती, ते सगळ्यांचं घातलं आहे.

"भावंडं?" वजीहने विचारलं.

"बहिणी दोन."

"आणि भाऊ?"

दुर्रियाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती खरोखरच आठवून पाहत होती.

"भाऊ नव्हता तिला," ती म्हणाली.

"भाऊ नव्हता," वजीहने फोनमध्ये सांगितलं, आणि नवारचं लिहून होईपर्यंत तो थांबला.